रात्री मुलांचे पाय दुखतात : वाढीचे दुखणे कसे ओळखावे?

प्रश्न (सईची आई)

आमची मुलगी सात वर्षांची आहे. अधूनमधून रात्री झोप लागल्यावर तास-दीड तासाने ती रडत उठते आणि दोन्ही पोटऱ्या व गुडघ्यांची मागची बाजू दुखत असल्याचे सांगते. पाय चेपून दिले की पुन्हा झोपते आणि सकाळी काहीच झाले नसल्यासारखी शाळेत जाते. सासूबाई म्हणतात, हाडे वाढतात म्हणून दुखते; शेजारच्या काकू कॅल्शियमचे सिरप सुरू करा म्हणून आग्रह धरतात. ताप किंवा सूज नाही. हे दुखणे साधेच आहे, हे कशावरून ठरवावे?

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ)

आपण केलेले वर्णन वाढीच्या दुखण्याशी चांगलेच जुळते. साधारण ३ ते १२ या वयात ते आढळते. दुखते ते दोन्ही पायांच्या पोटऱ्यांत, नडग्यांत, मांड्यांत किंवा गुडघ्यांमागे, प्रत्यक्ष सांध्यात नव्हे. ते संध्याकाळी किंवा रात्री येते, मध्ये कित्येक दिवस येतच नाही आणि सकाळी त्याचा मागमूस राहत नाही. सासूबाईंचा समज जुना आहे, कारण १८२३ मध्ये मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच वैद्यानेही हे दुखणे वाढीशी जोडले होते. मात्र उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती पहिल्या वर्षी आणि वयात येताना, तर हे दुखणे मधल्या, संथ वाढीच्या वर्षांत येते. त्यामुळे खरे कारण अजून निश्चित झालेले नाही.

हे दुखणे सिद्ध करणारी कोणतीही एक चाचणी नाही. मुलाला चालवून, उड्या मारायला लावून आणि खुब्यापासून घोट्यापर्यंतचे सांधे फिरवून पाहिल्यावर काही दोष आढळला नाही, तर बहुधा रक्ततपासणी किंवा एक्स-रे लागत नाही. मला स्वतःला पालकांच्या सांगण्यातील एक तपशील फार उपयोगी वाटतो, तो म्हणजे मूल पाय चेपू देते का. सांध्याला किंवा हाडाला खरा आजार असेल, तर मूल सहसा दुखऱ्या जागी हात लावू देत नाही. आपली मुलगी मात्र चेपल्यावर शांत होते.

प्रतिसाद २ (नाशिककर)

आमच्या भाच्याच्या बाबतीत घरात सगळे ‘वाढीचे आहे’ असेच म्हणत होते, पण त्याचा एकच गुडघा दुखत असे आणि तो दिवसाही किंचित लंगडत असे. अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघ्याऐवजी खुब्याचा एक्स-रे काढला आणि पर्थिस नावाचा खुब्याच्या हाडाचा आजार निघाला. त्यामुळे दुखणे एकाच पायात आहे का, हे प्रत्येक वेळी विचारावे.

प्रतिसाद ३ (बालरोगतज्ज्ञ)

नाशिककरांनी सांगितलेले उदाहरण महत्त्वाचे आहे, कारण खुब्याचे दुखणे मुलांना अनेकदा गुडघ्यात जाणवते. एकाच ठिकाणी सतत दुखणे, लंगडणे, सांध्याची सूज, सकाळी पाय आखडणे, ताप, वजन घटणे, फिकेपणा किंवा अंगावर निळसर डाग, यांपैकी काहीही असल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही कधीकधी हाडांच्या दुखण्याने होते.

प्रतिसाद ४ (सईची आई)

यांपैकी तिला काही नाही. मग सिरप द्यावे का, आणि रात्री दुखले तर काय करावे?

प्रतिसाद ५ (बालरोगतज्ज्ञ)

कमतरता नसताना कॅल्शियमने हे दुखणे थांबत नाही. ड जीवनसत्त्वाची उणीव आपल्याकडे उन्हाचा देश असूनही सर्रास आढळते, म्हणून शंका असल्यास डॉक्टर रक्तातील पातळी तपासून घेतील. परंतु ६०,००० युनिटच्या पुड्या स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नयेत, कारण अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम धोकादायक प्रमाणात वाढते. रात्री पाय चेपणे, कोमट शेक आणि झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना हलका ताण देणे बहुतेक वेळा पुरते. फारच दुखले तर वजनानुसार डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे, ॲस्पिरिन मात्र नाही. पुढच्या वेळी लसीकरणासाठी किंवा अन्य कारणाने दवाखान्यात जाल, तेव्हा एकदा सांधे तपासून घ्या.