मदत हवी आहे: संगणकावर ६० बाय ७२ काढलेली गोधडी साडेत्रेपन्नच का भरली?

पराटी

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज अडलं म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. आई आणि आजी गोधड्या शिवतात, बचत गटातल्या आणखी चौघी सोबत असतात. आजवर गोधडी म्हणजे जुनी पातळं, आजीची लुगडी, निघेल ते ठिगळ आणि कडेनं सुरू करून आत-आत जाणारा धावदोरा. माप घ्यायचं म्हणजे खाटेवर पसरून पाहायचं. यंदा नागपूरच्या एका ताईंनी दिवाणासाठी ५ फूट बाय ६ फूट अशी गोधडी सांगितली आणि म्हणाल्या, आधी डिझाइन पाठवा. घरात बीकॉम झालेली मी एकटी, म्हणून ते माझ्याकडे आलं.

इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून लॅपटॉपवर टाकलं. ६ इंचाचे चौकोन, १० आडवे, १२ उभे. हिशेब सरळ होता, ६० बाय ७२. रंग भरले, ताईंना चित्र पाठवलं, त्यांना आवडलं. मग एका चौकोनाचा फर्मा ए-फोर कागदावर तालुक्याच्या दुकानातून छापून आणला, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवला आणि त्यावरून १२० तुकडे कापले. आईनं मशीनवर जोडले. वरचा थर पूर्ण झाल्यावर टेप लावला तर रुंदी साडेत्रेपन्नच्या किंचित वर आणि लांबी सव्वाचौसष्ट! अजून खालचे थर लावलेले नाहीत, हातशिलाई बाकी आहे. ती घातल्यावर गोधडी आणखी दीडेक इंच आवळते हे अनुभवानं माहीत आहे.

दुसरं. ताईंना उशीच्या खोळीवर चांदणी हवी आहे. नऊ घरांचा १२ इंचाचा चौकोन, घर ४ इंचाचं, चार घरांत चार-चार त्रिकोण. मी साडेचार इंचाचे चौकोन दोन्ही कर्णांवर कापले. शिवल्यावर चांदणीची टोकंच गायब झाली.

तिसरं. पातळांचे फोटो चौकोनात भरले की लॅपटॉप रडायला लागतो. फाइल पेनड्राइव्हवर नेली की फोटोच्या जागी लाल फुली येते. आणि चौकोनांच्या मधे पांढऱ्या केसाएवढ्या रेघा दिसतात, कितीही जवळ सरकवले तरी जात नाहीत.

आजी म्हणते, "काहून एवढं मोजून रायली वं? गोधडी अंगाले लागते, फुटपट्टीले नाई लागत." पण ऑर्डर मापाची आहे, काय करू?

दोन_सूत

ताई, मी टेलर आहे, कारंज्याकडचा. संगणकातलं मला कळत नाही, पण आधी एक करा. पुठ्ठ्याचा फर्मा टेपनं मोजा अन् सुतापर्यंत सांगा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). "सहा इंच आहे" असं नका सांगू, मोजून सांगा.

पराटी

काका, मोजला. ५ इंच साडेसहा सूत भरतो. मी तर ६ इंच गृहीत धरूनच चालले होते.

रेघोट्या

मग निम्मा उलगडा इथेच झाला. मी अमरावतीला डिझाइनचं काम करतो. छापताना प्रिंटरच्या खिडकीत "फिट टू पेज" निवडलेलं होतं. कागदाच्या कडेला छापता न येणारी जागा असते, तिच्या आत चित्र बसवायला प्रिंटर ते आपोआप तीन-चार टक्के लहान करतो. तिथे "अ‍ॅक्चुअल साइज" किंवा १०० टक्के असं निवडायला लावा.

फर्मा ५ इंच ५ सूत भरला असता तर मी वेगळा संशय घेतला असता. इंकस्केपनं २०१७ मधल्या ०.९२ आवृत्तीपासून इंचाला ९० ऐवजी ९६ ठिपके धरायला सुरुवात केली. त्याआधीची कुणाची जुनी फाइल उतरवून घेतली आणि उघडताना विचारलेल्या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं, तर ६ इंचाचे ५ इंच ५ सूत होतात. तुमचं तसं नाही.

फाइल दुकानात कशी नेली होती?

पराटी

मोबाईलवरून पाठवली. फोटो म्हणून. 🙈

रेघोट्या

झालं! फोटो म्हणून पाठवलं की ठिपके कमी होतात आणि इंचाचं मापही त्याच्यासोबत राहत नाही. दुकानदारानं तो कागदावर बसेल तसा बसवला, त्याचा काही दोष नाही. पीडीएफ करून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह. आणि दर पानाच्या कोपऱ्यात २ इंचाचा एक रिकामा चौकोन काढून ठेवा. छापल्यावर आधी तो मोजायचा, २ भरला नाही तर पान बाद.

दोन_सूत

दोन इंचाचा नका घेऊ न भाऊ. ह्यांच्या फर्म्यात सहा इंचाला दीड सूत कमी पडला, म्हणजे दोन इंचाला अर्धा सूत. अर्धा सूत गावातल्या घासलेल्या टेपवर कुणाला दिसणार? पाच इंचाचा चौकोन काढा. सव्वा सूत फरक पडला की आंधळ्यालाही कळते.

आता ताई, तुमचा खरा तोटा प्रिंटरनं नाही, शिलाईनं केला. फर्म्यात दाब, म्हणजे शिलाईत जाणारी कड, धरलाच नाही तुम्ही. पाव इंच दाब म्हणजे दोन सूत, दोन्ही बाजूंचे मिळून चार. दर तुकड्यामागे अर्धा इंच शिलाईत गेला. हिशेब पहा: दहा तुकड्यांचे ५ इंच दाबात गेले, अन् दीड सुतानं दहा वेळा म्हणजे पंधरा सूत, पावणेदोन इंच एक सूत प्रिंटरमध्ये गेले. ६० मधून ते काढले की ५३ इंच एक सूत राहते. कडेचा दाब अजून उघडा आहे, त्याचा अर्धा इंच वर धरा. साडेत्रेपन्न एक सूत. तुमचा टेप खोटं बोलत नव्हता. लांबीचंही असंच येते, करून पहा.

म्हणजे तयार ६ पाहिजे तर कापायचा साडेसहा. हे टेलरला सांगावं लागत नाही, पण संगणकाला सांगावं लागते असं दिसते.

रेघोट्या

काकांना साष्टांग. 🙏 इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आहे, शिलाई हा प्रकारच त्याला ठाऊक नाही. इलेक्ट्रिक क्विल्ट नावाचं गोधडीसाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर आहे, ते फर्मा छापताना दाब धरतं आणि कापडही मोजून देतं. पण ते विकतचं आहे, आणि एका ऑर्डरसाठी मी तरी ते घ्यायला सांगणार नाही. तुम्ही ६ च्या चौकोनाबाहेर साडेसहाचा दुसरा चौकोन काढा आणि अलाइन वापरून दोघांचे मध्य जुळवा. बाहेरची रेघ कापायची, आतली शिवायची.

अजून एक खोड. चौकोनाच्या कडेला जाड रेघ असेल तर वरच्या पट्टीत दिसणारी रुंदी त्या रेघेसकट असते. रेघ १ मिलिमीटरची असली की ६ इंच दिसणारा चौकोन मुळात तेवढा कमी. एडिट, प्रेफरन्सेस, टूल्स इथे जाऊन "जॉमेट्रिक बाउंडिंग बॉक्स" निवडा, म्हणजे रेघ मापात धरली जाणार नाही.

पांढऱ्या रेघांकडे दुर्लक्ष करा. पडद्यावर कडा मऊ दिसाव्यात म्हणून सॉफ्टवेअर जी रंगांची सरमिसळ करतं, तिच्यामुळे त्या दिसतात. चौकोन एकमेकांना नीट चिकटलेले असले तरी दिसतात. ग्राहकाला पाठवायच्या चित्रात खुपत असतील तर सगळ्याच्या मागे गडद रंगाचा एक मोठा चौकोन सरकवून द्या.

ठिगळराव

इथे गोधडीवर एवढी गणितं चाललीत आणि आमच्या घरची वाकळ अजून त्रिकोण की चौकोन हेच ठरलं नाही. वाचनखूण साठवली.

दोन_सूत

चांदणीचं राहिलं. त्रिकोणात तिरकी बाजू आली की अर्धा इंच वाढवून भागत नाही, कारण तिरक्या बाजूला दोन सूत दाब धरला की कोपऱ्यात जास्त कापड लागते. चौकोन एका कर्णावर कापून दोन त्रिकोण करायचे असतील तर तयार मापात सात सूत वाढवा. दोन्ही कर्णांवर कापून चार करायचे असतील तर सव्वा इंच. तुमचं घर ४ चं, म्हणजे सव्वापाचचा चौकोन कापा. चांदणीच्या रंगाचे दोन अन् मागच्या रंगाचे दोन, एवढ्यात सोळा त्रिकोण निघतात. कोपऱ्याचे चार अन् मधला एक असे पाच चौकोन साडेचारचे.

अन् चार त्रिकोण मोठ्या चौकोनातूनच काढा, चिंधीतून जमेल तसे नका काढू. असं कापलं की त्रिकोणाची लांब बाजू कापडाच्या सरळ धाग्यावर येते. ती उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी, आली तर घराची बाहेरची कड ओढली जाते अन् चांदणी फुगते. जुनं पातळ तर आणखीच ओढलं जाते. कापायच्या आधी पातळ खळीत बुडवून, वाळवून, इस्त्री करून घ्या.

पराटी

काका, सात सूत आणि सव्वा इंच हे मी मशीनच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवलं आहे. 😀

फोटोंचं कुणी सांगेल का? रात्री नऊनंतर लाइट जाते, आणि तोवर फाइल उघडतच असते.

रेघोट्या

मोबाईलचा फोटो जसाच्या तसा टाकता ना? सहा इंचाच्या चौकोनाला ६०० बाय ६०० ठिपके पुष्कळ झाले, आधी तेवढा लहान करा. लाल फुली येते कारण फाइलमध्ये फोटो नसतो, फोटोचा पत्ता असतो. फोल्डर बदललं की पत्ता चुकतो. आणताना "एम्बेड" निवडा, किंवा नंतर एक्स्टेन्शन्स, इमेजेस, एम्बेड. मात्र १२० चौकोनांत १२० वेळा फोटो चिकटवू नका. एका पातळाचा एक चौकोन करा आणि बाकीचे त्याचे "क्लोन" (मूळ चौकोनाशी जोडलेल्या नकला) करा, फाइल हलकी राहते. प्रेफरन्सेसमध्ये ऑटोसेव्हचा वेळ ५ मिनिटं करून ठेवा.

बुट्टी खऱ्या मापात दिसायला हवी असेल तर पातळावर फुटपट्टी ठेवून सावलीत फोटो काढा, बरोबर ६ इंच कापून घ्या आणि त्याच मापाचा करा. नाहीतर चित्रात बुट्टी सुपारीएवढी आणि गोधडीत मोहरीएवढी. मग ताई विचारतील, हेच का ते?

मोहफूल

मी गडचिरोलीत शिक्षिका आहे. वेगळं सांगते. चित्र काढायच्या आधी लिबरऑफिस कॅल्क (एक्सेलसारखं) उघडा. १० रकाने, १२ ओळी. प्रत्येक घरात रंगाचं एक अक्षर: ल, प, न. कंडिशनल फॉरमॅटिंगनं अक्षराप्रमाणे घर रंगवायला सांगा, गोधडी समोर दिसते. खाली काउंटइफनं कुठलं अक्षर किती वेळा आलं ते मोजून घ्या. जुन्या लॅपटॉपवरही हे पळतं.

एका गोष्टीनं माझा जीव काढला होता. बेरीज १२० यायला हवी तिथे ११८ येत होती. दोन घरांत "ल" नंतर चुकून एक जागा सुटली होती. डोळ्याला ती दिसत नाही, काउंटइफला मात्र ते वेगळंच अक्षर वाटतं. बेरीज जुळत नसेल तर हे आधी पाहा.

आणि खरं सांगू का, सॉफ्टवेअरला वाटतं कापड कधी संपतच नाही. आपल्याकडे कापड म्हणजे जुनं पातळ. निऱ्यांची नि बसायची जागा विरलेली असते, पदर आणि आतला भाग तेवढा धड. नवं ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर एका ओळीत साडेसहाचे सहा तुकडे निघतात, जुन्यात ते गणित चालत नाही. आधी ढीग मोजा, कुठल्या रंगाचे किती तुकडे निघतात ते लिहा आणि त्या आकड्यांत बसेल असं डिझाइन करा. मी आधी डिझाइन केलं होतं. सव्वीस तुकड्यांवर हिरवा संपला आणि पुढे सगळं उकलावं लागलं.

पराटी

मोहफूल ताई, आजीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्या बाईले समजते." मला मात्र ते सर्टिफिकेट अजून मिळालेलं नाही.

काल दिवसभर बसून नवीन फर्मा छापून आणला. पाच इंचाचा चौकोन पाच भरला, साडेसहाचा साडेसहा. चांदणीची टोकं आली, चारही. एक जरा वाकडं आहे, ते माझं.

पण शिवून झालेला वरचा थर तसाच आहे. उकलायचा नाही, आईनं साफ सांगितलं. तो मोठा कसा करू?

दोन_सूत

उकलू नका. काठ लावा. बाजूंना ५ इंचाची पट्टी, वर-खाली साडेपाचची. दाब जाऊन साडेचार अन् पाच उरतील. रुंदी ६२ इंच एक सूत, लांबी पावणेचौऱ्याहत्तर. हातशिलाईत दीडेक इंच आवळली की ६० अन् ७२ च्या किंचित वर बसते. नऊवारीचा जरीचा काठ असेल तर तोच वापरा, काठ मूळचाच घट्ट विणलेला असतो. रुंदीला कमी पडला तर आतल्या बाजूनं साधी पट्टी जोडून घ्या. बाजूच्या पट्ट्या आधी लावा, वर-खालच्या नंतर.

रेघोट्या

कोपरे तिरके जोडायचे असतील तर मी फाइल करून देतो, ४५ अंशात.

पराटी

दादा, थांबा. आजीला विचारलं. आधी म्हणाली तिरका कोपरा मशीनवर बसत नाही, सरळच लाव. मग पेटीतून तिच्या लग्नातलं हिरवं लुगडं काढून आणलं, काठ अजून धड आहे. आत्ता ओसरीत बसून कात्रीनं काठ सोडवते आहे. टेप मागितला तिनं. पट्टी पाच इंच आहे का ते पाहायला.