खानदेशात साप व इतर सरपटणारे प्राणी रानात शोधण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

बोरीकाठ (अमळनेर) :

नमस्कार. आम्ही अमळनेर आणि चोपडा भागातले काही मित्र पक्षीनिरीक्षण करतो. यंदाच्या पावसाळ्यापासून साप, पाली, सरडे, सापसुरळ्या, घोरपडी हे प्राणी त्यांच्या मूळ जागी शोधून त्यांच्या नोंदी ठेवाव्यात, असा विचार आहे. साप पकडण्याची आम्हांला इच्छा नाही आणि तसे प्रशिक्षणही आमच्यापैकी कोणी घेतलेले नाही. घरात निघालेला साप सर्पमित्राने पकडून नेताना आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. पण तो साप एरवी कुठे राहतो, कोणत्या वेळी बाहेर पडतो, कशाच्या मागावर असतो, हे त्यातून कळत नाही, आणि आम्हांला नेमके तेच पाहायचे आहे.

तापीकाठची केळीची शेते, पारोळ्याच्या बाजूचा कोरडवाहू माळ आणि चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा, अशा तीन प्रकारच्या जागा आमच्या आवाक्यात आहेत. यांपैकी कुठून सुरुवात करावी, दगड उलटून पाहणे योग्य आहे का, परवानगी कुठे लागते आणि दुर्दैवाने दंश झालाच तर आधीपासून काय तयारी असावी, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहिले तर आम्ही आभारी राहू.

लळिंगचा माळ (धुळे) :

बोरीकाठ, पकडायचे नाही, पाहायचे आहे, हे आपण पहिल्याच परिच्छेदात लिहिलेत, याचा फार आनंद झाला.

सुरुवात माळापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केळीच्या बागेत पाचट आणि खोडांची दाटी असते, चार हातांपलीकडचे दिसत नाही, आणि उंदीर व बेडूक भरपूर असल्याने नाग, घोणस व धामण तिथे असतातच. नवशिक्याने रात्री अशा जागी शिरणे धोक्याचे आहे. उघड्या खडकाळ माळावर मात्र पाऊल कुठे पडते आहे ते दिसते आणि पाहण्यासारखेही पुष्कळ असते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ऊन चढण्यापूर्वी गेलात, तर एखाद्या दगडाच्या माथ्यावर बसून गळ्याखालचा रंगीत पंखा उघडझाप करणारा नर सरडा दिसेल. त्याचा हा विणीचा काळ असतो आणि तो एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जात आपली हद्द राखत असतो. याच माळांवर रात्री बिबट्या पाल हिंडते. तिला पापण्या असतात आणि ती भिंतीवरच्या पालीसारखी चढत नाही, जमिनीवर पाय उचलून चालते. लोक तिला विषारी समजून मारतात, पण तिला विष अजिबात नाही. या पालींची एक स्वतंत्र जात मध्य प्रदेशातील सातपुड्यातून २०१४ साली नव्याने वर्णिली गेली, यावरून आपल्या उशालगतच्या डोंगरात किती पाहायचे राहिले आहे याची कल्पना यावी.

ज्या जागी रात्री फिरायचे ती आधी दिवसाउजेडी पायी पाहून ठेवावी. खानदेशात कठडा नसलेल्या विहिरी अजूनही आहेत, आणि पिकाच्या कडेने रानडुकरांसाठी लावलेल्या तारेत वीज सोडलेली असू शकते. सापापेक्षा या दोन गोष्टींचे भय मला अधिक वाटते. दिवसाच्या फेरीत खुणाही वाचता येतात. धूळवाटेवर घोरपड गेली असेल तर मध्ये शेपटीची नागमोडी रेघ आणि दोन्ही अंगांना नखांचे ठसे उमटलेले असतात. बोरीबाभळीच्या बुंध्याशी अडकलेली कात मिळाली तर ती तिथेच ठेवून जवळून पाहावी. कात उलटी निघालेली असते, डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्याही तिच्यासोबत उतरतात, आणि खवल्यांची ठेवण तिच्यात स्वच्छ दिसते: फुरशाच्या कातेत पाठीच्या खवल्यावर मधोमध उभा कंगोरा असतो, तर मण्यारीच्या कातेत पाठीच्या मध्यरेषेवर इतरांहून मोठ्या, षटकोनी खवल्यांची एक सलग ओळ असते. एवढ्यावरून प्राणी न पाहताही त्या जागी कोण वावरते हे सांगता येते.

वेळ आणि ऋतू यांबाबत म्हणाल, तर पहिल्या चांगल्या पावसानंतरच्या रात्री सर्वांत समृद्ध असतात. वाळव्या उडतात, बेडूक बाहेर येतात आणि त्यांच्या मागे बाकीचे. अंधार पडल्यापासून दोन-तीन तास हळू चालावे. मण्यार मात्र त्याहून उशिरा, मध्यरात्रीच्या सुमारास अधिक हिंडते. टॉर्च कंबरेशी न धरता डोळ्यांच्या पातळीवर धरावा, म्हणजे पालींचे डोळे चमकून दिसतात. साप असा चमकेवरून सापडत नाही. तो आकारावरून, खड्यांच्या पसरणीत न जुळणाऱ्या एका वळणावरून ओळखावा लागतो, आणि त्यासाठी नजर बसायला वेळ द्यावा लागतो. हिवाळ्यात रात्री फिरून हाती फार काही लागत नाही. तेव्हा सकाळी ऊन अंगावर घेत बांधाला पडलेली घोणस दिसते, कारण तिचा मिलनाचा काळही थंडीतच असतो.

माळावर चपला, सँडल घालून कोणीही येऊ नये. पोटरीपर्यंतचे गमबूट हवेत. फुरसे लहान असते, बऱ्याचदा हातभरही नसते, मातीच्या रंगात मिसळून जाते आणि घोट्याच्या उंचीवर चावते. ते डिवचले गेले की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर ऐकू येते. ती ऐकू आली की सर्वांनी जागच्या जागी थांबावे, आवाज कुठून येतो ते टॉर्चने पाहावे आणि मगच मागे सरावे.

दगड उलटायचाच असेल तर पलीकडची कड काठीच्या आकड्याने उचलावी, म्हणजे उघडलेली बाजू आपल्यापासून दूर राहते. बोटे दगडाखाली घालू नयेत. खाली साप निघण्यापेक्षा लाल विंचू निघण्याची शक्यता अधिक, आणि त्याचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेततो. पाहून झाल्यावर दगड मुळात जसा होता तसाच, त्याच खाचेत बसवावा.

सुकीकाठ (पाल, ता. रावेर) :

लळिंगकरांच्या बाकीच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु दगडांबाबत मला अधिक कडक भूमिका घ्यावीशी वाटते. मार्च ते पहिला पाऊस या काळात दगड उलटूच नयेत. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा मोठ्या दगडाखालची ओलसर पोकळी ही पाली, सापसुरळ्या आणि लहान सापांची एकमेव आसऱ्याची जागा असते, आणि तिथेच पालींची पांढरी कवचाची अंडीही असतात. दगड कितीही नीट परत ठेवला तरी कडेची माती हलते, फट राहते आणि आतला ओलावा उडून जातो. त्यातही, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येतच येते. पकडणे, सापळा लावणे, हुसकावणे हेही त्याच व्याख्येत आहे. ‘फोटोपुरता हातात धरला’ ही सबब कायद्यात बसत नाही.

परवानगीविषयी. यावल अभयारण्य किंवा अनेर धरण अभयारण्य यांच्या हद्दीत जायचे तर वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी लेखी अर्ज द्यावा. रात्रीचा प्रवेश सहसा मिळत नाही आणि तो मिळाला नाही म्हणून चोरवाटेने जाऊ नये. अभयारण्याबाहेरही चोपड्याच्या उत्तरेचा बराचसा पायथा वन विभागाचाच आहे, तेव्हा तिथेही विचारून जावे. खासगी शेतात मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. विहिरींवरच्या मोटारी आणि केबली चोरीला जात असल्याने रात्री शेतात टॉर्च दिसला की लोक काठ्या घेऊन धावतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. पोलीस पाटलांना दिवसाच भेटून ठेवावे. पायथ्याच्या पाड्यांवरील पावरा, भिल्ल, तडवी मंडळींशी बोलावे. अजगर कोणत्या नाल्यात दिसतो, घोरपड कोणत्या वारुळाशी येते, हे त्यांना ठाऊक असते. मात्र ही माहिती त्यांनी विश्वासाने दिलेली असते, हे विसरू नये.

याला जोडून नोंदींबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मांडूळ (एक बिनविषारी साप) गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी लाखोंच्या भावात विकले जाते, घोरपडीचे अवयव ‘हत्था जोडी’ नावाची भाग्याची मुळी म्हणून बाजारात येतात. त्यामुळे आपल्या छायाचित्राबरोबर नेमके ठिकाण जगजाहीर झाले, तर आपणच तस्कराला वाट दाखवतो. मोबाइलमधली ठिकाण नोंदवण्याची सोय बंद ठेवावी, आणि आय-नॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर नोंद टाकताना ठिकाण अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडावा. स्वतःच्या वहीत मात्र गाव, शिवार, तारीख, वेळ, पाऊस पडला होता की नाही, प्राणी काय करत होता, हे सारे अचूक लिहावे. ज्या रात्री काहीही दिसले नाही तीही लिहावी. रानपिंगळा हे नामशेष झाले असे वाटलेले लहान घुबड १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडले, ते अशाच एका जुन्या खऱ्या नोंदीमुळे. गुजरातेतली १९१४ची म्हणून दिलेली एक नोंद खोटी असल्याचे उघडकीस आल्यावर, १८८०च्या दशकात खानदेशात पक्षी खरोखर मिळाले होते तिथे शोध घेतला गेला, आणि पक्षी तिथेच होता. सापांच्या बाबतीत आज आपण लिहू ते पुढच्या पिढीला असेच उपयोगी पडावे.

तळोदेकर (नंदुरबार) :

मी ग्रामीण रुग्णालयात काम करतो. दंशाविषयी तेवढे लिहितो.

फिरायला निघण्याआधी, त्या भागातील कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आणि रात्रपाळीला डॉक्टर आहेत, याची प्रत्यक्ष चौकशी करावी. ‘तालुक्याला असेलच’ असे धरून चालू नये. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे साप ओळखण्यासाठी तो पकडून किंवा मारून आणण्याची गरज नसते. तसे करताना दुसऱ्या माणसाला दंश होतो. मेलेल्या सापाच्या डोक्यालाही हात लावू नये, कारण मेल्यानंतर काही काळ त्याचा जबडा चावू शकतो. रस्त्यावर चिरडलेल्या सापाची नोंद घेताना हे विशेष ध्यानात असावे.

दंश झाल्यास अंगठी, कडे, घड्याळ लगेच काढावे, हात किंवा पाय मोडल्यावर जसा फळीला बांधून स्थिर ठेवतात तसा ठेवावा, रुग्णाला चालू देऊ नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन निघावे. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, चोखणे यांनी अपायच होतो. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही. दंशाची वेळ लिहून ठेवावी. घोणस किंवा फुरशाच्या दंशात रक्त गोठते की नाही हे आम्ही काचेच्या कोरड्या नळीत रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून पाहतो, आणि नेमकी वेळ माहीत असली की पुढचे निर्णय सोपे जातात.

मण्यारीबद्दल वेगळे सांगावे लागेल. तिच्या दंशाला सूज नसते, वेदना जवळजवळ नसतात, खूणही सापडत नाही. काही वेळाने पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि मग श्वास थांबू लागतो. म्हणून ‘काही झाले नाही’ असे वाटले तरी रुग्णालयात जावे. आपल्यापैकी कोणीही रानात उघड्यावर जमिनीवर झोपू नये.

बोरीकाठ (अमळनेर) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही माळापासूनच सुरुवात करू, उन्हाळ्यात दगडांना हात लावणार नाही आणि रुग्णालयाची चौकशी याच आठवड्यात करू. एकच शंका राहते. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत आमचा गोंधळ होतो. लांबून, न डिवचता, हे दोन साप वेगळे कसे ओळखावेत?

लळिंगचा माळ (धुळे) :

हा प्रश्न विचारलात ते योग्यच केलेत, कारण खानदेशात घराच्या आसपास हे दोन्ही साप निघतात आणि दोघांच्याही अंगावर पांढरट आडवे पट्टे असतात.

पट्टे कुठे ठळक आहेत ते आधी पाहावे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात रुंद व स्पष्ट असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. अंगाच्या बाजूंना ते फुटून जाळीसारखे पसरतात. मण्यारीचे उलट आहे. डोक्यामागचा काही भाग बहुधा कोरा किंवा अस्पष्ट ठिपक्यांचा असतो, त्यानंतर बारीक पट्टे येतात, पुष्कळदा जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत ते स्वच्छ राहतात. मण्यारीचे अंग निळसर काळे व चकचकीत असते. कवड्या सहसा तपकिरी असतो, त्याचे तोंड चपटे असते आणि तो भिंतीवर, कौलांत सहज चढतो. पाठीवरची षटकोनी खवल्यांची ओळ ही मण्यारीची पक्की खूण आहे, परंतु ती पाहण्यासाठी जवळ जावे लागते. कॅमेऱ्याच्या झूमने वरून एक छायाचित्र घ्यावे आणि खवले नंतर घरी मोठे करून पाहावेत.

मण्यारीच्या पिल्लांत आणि कात टाकण्याच्या बेतात असलेल्या सापांत रंग फसवतो. क्वचित मण्यारीच्या अंगावर पट्टे जवळजवळ नसतातही. तेव्हा रंगावरून खात्री होत नसेल तर तो साप मण्यार आहे असे धरूनच अंतर ठेवावे, वहीत ‘ओळख अनिश्चित’ असे लिहावे आणि छायाचित्र इथे टाकावे. आम्ही सगळे मिळून पाहू. साप घरात किंवा गोठ्यात निघाला असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.