मदत हवी आहे: बारा बोअरची खात्रीची काडतुसं कुठे मिळतील? आणि आजोबांच्या ट्रंकेतल्या काडतुसं भरायच्या सामानाचं काय करू?

राम राम मंडळी. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमची शेती आहे. केळी, थोडी पपई, बाकी कापूस आणि मका. मक्यात दाणा भरला की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत अर्धा बिघा लोळवून जातात. त्यासाठी घरात पिढीजात बंदूक आहे. आजोबांकडे आधी ठासणीची होती. पीक संरक्षणासाठी कायदा आधी ठासणीचीच बंदूक धरतो, ती पुरत नाही असं लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी साध्या, आतून गुळगुळीत नळीची मंजूर होते. आजोबांना तशी बारा बोअर एकनळी मिळाली. ते गेल्यावर रीतसर अर्ज करून लायसन्स वडिलांच्या, म्हणजे आमच्या आप्पांच्या नावावर झालं. डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते हे आम्हाला ठाऊक आहे. आमचं काम आवाजापुरतं असतं.

आता अडचण. गेल्या हंगामात जिल्ह्यातल्या एका दुकानातून आप्पांनी दहा काडतुसं आणली. दुकानदाराने लायसन्सवर नोंद केली, पण माल खोक्यातून नाही, प्लास्टिकच्या पिशवीत सुटा दिला. लॉट नंबर नाही, तारीख नाही. दहा-बारा दिवसांनी रात्री बांधावर आप्पांनी घोडा ओढला तर ‘ठो’ झालंच नाही. फटाक्याची वात विझावी तसा फस्स आवाज आला आणि नळीच्या तोंडातून थोडा धूर. मी शेजारी टॉर्च धरून उभा होतो. आप्पांचा हात सवयीने दुसऱ्या काडतुसाकडे गेला होता, तो थांबला. नळी रानाकडेच ठेवून ते अर्धा मिनिट उभे राहिले, मग बंदूक बिजागरीतून उघडली, काडतूस काढलं आणि मला म्हणाले, “मागून टॉर्च मार.” नळीतून पलीकडचा उजेड दिसला नाही. वॅड, म्हणजे काडतुसात बंदुकीची दारू आणि छर्रे यांच्या मध्ये असतो तो बूच, वीतभर पुढे जाऊन अडकला होता.

ज्यांनी बंदूक हाताळली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही बारीकसारीक गोष्ट नाही. वॅड अडकलेला असताना मागून दुसरं काडतूस उडवलं असतं तर नळी तिथेच फाटली असती, आणि आप्पांचा डावा हात नेमका त्याच जागेखाली होता. त्यांचं वय एकाहत्तर. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी उरलेली नऊ उन्हात नीट पाहिली. चारांच्या पितळी बुडाला हिरवट चढलं होतं. दोनांचं तोंड सैल, कानाशी हलवलं तर छर्रे खुळखुळत होते. आमच्याच साठवणीची चूक असेल का, हाही विचार केला. पण काडतुसं कोरड्या डब्यात, कपाटात, कुलपात होती आणि दहा-बारा दिवसांत पितळ हिरवं होत नाही. दुकानदाराकडे परत गेलो तर म्हणाला, “माल वरूनच असा येतो.” पैसे नको होते हो. हा माल आणखी कुणाला गेला असेल तर त्याला कळवा, एवढंच म्हणत होतो. त्याने ऐकून घेतलं नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न. धुळे, जळगाव, नंदुरबार, फार तर नाशिकपर्यंत असा परवानाधारक विक्रेता कोणाच्या अनुभवात आहे का, जो सीलबंद खोकं देतो, खोक्यावरचा लॉट नंबर बिलात लिहितो आणि खराब निघालं तर परत घेतो? नाव इथे टाकायचं नसेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा. इंदूर आम्हाला आग्रा रोडने सोयीचं पडतं, पण लायसन्सवर क्षेत्र महाराष्ट्राचं आहे. मध्य प्रदेशच्या हद्दीत ना बंदूक नेता येत, ना काडतूस, म्हणून इंदूर सुचवू नये.

‘वरणगावला फॅक्टरी आहे की’ असं कुणीतरी म्हणेलच. वरणगावला लष्कराच्या रायफलींची काडतुसं बनतात. शक्तिमान नावाने बारा बोअर निघतात ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात. दोन्ही कारखाने ऑक्टोबर 2021 पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. गेटवर जाऊन दहा काडतुसं मागायची ती जागा नाही.

दुसरा प्रश्न भाच्यासाठी. तो बावीस वर्षांचा आहे, स्वतःचं लायसन्स आहे, ट्रॅप, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवरची नेमबाजी, खेळतो. दिल्लीला कर्णीसिंह रेंजवर जाऊन आल्यापासून त्याला तेच वेड आहे. ट्रॅपच्या एका फेरीत पंचवीस तबकड्या आणि प्राथमिक फेरीत प्रत्येकीला दोन बार मारायची मुभा, म्हणजे एका फेरीत पन्नासपर्यंत काडतुसं जाऊ शकतात. खर्च तुम्हीच लावा. तो म्हणतो, “मामा, परदेशात नेमबाज घरीच काडतुसं भरतात. रिकामी खोळ, प्रायमर म्हणजे दारू पेटवणारी टोपी, दारू, वॅड, छर्रे मिळाले की झालं. आपण आणू.” मोबाइलवर त्याला एक माणूसही सापडला होता, ‘सगळं कुरिअरने पाठवतो, निम्मे पैसे आधी.’

मी त्याला समोर बसवून शस्त्र कायदा, 1959 ची व्याख्या वाचून दाखवली. त्यात काडतुसाचे भागसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात, आणि ते बनवायची यंत्रंही. कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय बनवणं, विकणं दोन्ही गुन्हा. पोराचं करिअर तिथेच संपेल. शिवाय स्पर्धेला 24 ग्रॅम छर्ऱ्यांचं काडतूस लागतं. दारू तीच ठेवून नुसता वॅड बदलला तरी नळीतला दाब बदलतो. फस्स झालेलं एक काडतूस पाहिल्यावर कुरिअरने आलेल्या, कुठल्या डब्यातली आहे ते माहीत नसलेल्या दारूवर मी विश्वास ठेवू शकत नाही. पोरगं समजूतदार आहे, त्याने तो नंबर काढून टाकला. पण त्याची गरज खरी आहे. नेमबाजांना रायफल असोसिएशनमार्फत काडतुसं मागवता येतात. राज्यपातळीवर नुकतंच खेळू लागलेल्या मुलाला त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतात, किती महिने आधी नाव द्यावं लागतं, हे ज्याने स्वतः केलंय त्याने सविस्तर लिहा. ऐकीव माहिती नको.

आणि तिसरा, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. भाच्याचं ऐकून आप्पा माळ्यावर गेले आणि आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत धोतराच्या फडक्यात बांधलेली चौदा पितळी काडतुसं, रिकामी. बुडावर 12 चा आकडा, आतून अजून जळक्या दारूचा वास, हातात घेतली की बोटं हिरवी होतात. पाटाला आवळून मुठीने फिरवायचं एक छोटं यंत्र, काडतुसाचं तोंड वळवायचं. दारू मोजायचं लाकडी माप, कडेला खाच केलेलं. वॅड म्हणून घालायच्या नमद्याच्या चकत्या, त्यातल्या काही कसरीने खाल्लेल्या. आणि टोप्यांचा एक गोल डबा, अर्धा भरलेला. आप्पा म्हणाले, आजोबा दिवाळीनंतर ओट्यावर बसून भरणी करायचे आणि त्या दिवशी घरात विडी, चूल, दिवा सगळं बंद असायचं.

ते माप मी बराच वेळ हातात धरून बसलो. आजोबांच्या हाताची तेवढीच एक वस्तू आता घरात उरली आहे. पण ज्या कायद्याची व्याख्या मी भाच्याला वाचून दाखवली तीच या ट्रंकेलाही लागू होत असणार. टोप्यांचा डबा मी जागचा हलवलासुद्धा नाही. हे पोलीस ठाण्यात जमा करायचं, की परवानाधारक दुकानदारामार्फत, की थेट कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा? लाकडी माप आणि रिकामी पितळी खोळ आठवण म्हणून ठेवता येते का? आणि ती नऊ खराब काडतुसं? आमच्याकडे बरेच जण असली काडतुसं विहिरीत टाकतात नाहीतर बांधात पुरतात. मला तसं करायचं नाही, त्याच बांधावर लेकरं खेळतात.

दोन दिवसांनी भर घालतो:

सगळ्यांचे आभार. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या ज्या काकांनी फोन करून समजावलं त्यांचे विशेष. काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. आप्पा आणि मी काल ठाण्यात लेखी अर्ज दिला, सामानाची यादी जोडली, फोटो जोडले, पोचवर शिक्का घेतला. टोप्या आणि खराब काडतुसं आम्ही उचलून न्यायची नाहीत, ठाण्याचा माणूस घरी येऊन पंचनामा करून नेईल असं ठरलं. मापाबद्दल साहेब म्हणाले, “लाकूड आहे, यादीत लिहा, मग बघू.” आप्पांनी यादीत ते सगळ्यात शेवटी लिहिलं.

जळगावच्या ज्या भाऊंनी विक्रेत्याचं नाव कळवलं त्यांना एक विचारायचं राहिलं. तुम्ही घेतलेलं खोकं पावसाळ्यानंतरचं होतं की आधीचं? आणि त्यातली सगळी उडाली का? पुढच्या आठवड्यात आप्पांना घेऊन जायचा विचार आहे, मका आता कंबरेएवढा झालाय. भाच्याच्या प्रश्नाला मात्र अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही. खेळणारं कोणी वाचत असेल तर कृपया लिहा, त्याची स्पर्धा जवळ आली आहे.