आडतीच्या दुकानाला अँटिव्हायरस कोणता घ्यावा?

मोंढेकरी, लातूर
राम राम. मोंढ्यात आमची आडत आहे. दुकानात दोन कॉम्प्युटर, दोन्ही विंडोज 7. एकावर टॅली, दुसऱ्यावर पट्ट्या आणि ई-मेल. घरी पोरीचा लॅपटॉप, विंडोज 11.

परवा मुनीमजी झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह घेऊन आले. लावला तर आतले सगळे फोल्डर दोन-दोन केबीचे, कोपऱ्यात बारका बाण. उघडंना म्हणून मुनीमजींनी एकेकावर चार-चारदा क्लिक केलं! कॉम्प्युटरवाला म्हणतो, तिन्ही मशीनला भारीतला अँटिव्हायरस घ्या. ऐन सोयाबीनच्या सीझनमध्ये हा खर्च करू का?

दुरुस्तीवाला, नांदेड
दादा, हा शॉर्टकट व्हायरस. फोल्डर कुठं गेले नाहीत, लपलेत. आधी पेनड्राइव्ह आणि मशीन दोन्ही स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइल्स दाखवायला सांगा आणि खालची ‘संरक्षित सिस्टिम फाइल्स लपवा’ ही खूणही काढा. बाणवाले तेवढे डिलीट करा.

लॅपटॉपला विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आहेच, फुकट. पोरीला तेवढा बास. खरी पंचाईत दुकानात आहे. विंडोज 7 चे अपडेट 2020 च्या जानेवारीत थांबले. पत्रा गळतोय आणि तुम्ही छत्रीचा भाव विचारताय. 2017 च्या मे महिन्यात फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. अडकले ते ती न टाकणारेच जास्त. जुन्या मशीनवर 11 चढत नसेल तर निदान टॅलीचं मशीन बदला.

आणि दोन अँटिव्हायरस एकावर एक टाकू नका. आपसात भांडतात, मशीन बैलगाडी होतं.

हिशोबनीस, अंबाजोगाई
माझ्या एका गिऱ्हाइकाकडं पैसे मोजून घेतलेला अँटिव्हायरस होता. मेलवर ‘बिल’ आलं, पोरानं उघडलं, टॅलीचा डेटा कुलूपबंद. बॅकअप होता की! पण त्याच मशीनला रात्रंदिवस जोडलेल्या हार्डडिस्कवर. तोही गेला. मार्च एंडला आम्ही दोघं कागदी पावत्यांवरून वर्ष परत टाईप करत बसलो.

म्हणून दोन हार्डडिस्क घ्या. आलटून पालटून बॅकअप, झाला की वायर काढायची, एक कायम घरच्या कपाटात. मुनीमजींच्या लॉगिनला ॲडमिनचे अधिकार नकोत. अँटिव्हायरस घ्यायचाच तर पुण्याचा क्विक हील चालेल. त्यांचंच सेक्राइट मोठ्या ऑफिसांसाठी, दोन मशीनला कशाला?

मोंढेकरी, लातूर
फोल्डर सापडले! तुरीच्या जुन्या पट्ट्यासुद्धा. टॅलीसाठी नवीन मशीन सांगितलंय, दोन हार्डडिस्क आणल्या. मुनीमजी मात्र रुसलेत. म्हणतात, पेनड्राइव्ह बंद तर झेरॉक्स काढू कुठं?

दुरुस्तीवाला, नांदेड
प्रिंटर घेऊन द्या की त्यांना, शेठ.