कुर्ट्झच्या आधी तो अकाउंटंट बघा
नायजेरियन लेखक चिनुआ आचेबेने १९७५ च्या भाषणात जोसेफ कॉनरॅडला वंशवादी ठरवलं म्हणून कॉनरॅडची आफ्रिकेतल्या वसाहतीवरची कादंबरी ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ सिलॅबसमधून काढा, हे काहींचं मत काही पटलं नाही बुवा. उलट कादंबरी आणि ते भाषण, दोन्ही शेजारी ठेवून वाचा की! सगळे कुर्ट्झच्या, म्हणजे कादंबरीतल्या हस्तिदंत कंपनीच्या एजंटच्या, मागे लागतात पण तो कंपनीचा अकाउंटंट बघा, कडक स्टार्चची कॉलर, वह्या एकदम चोख, शेजारी आजारी माणूस कण्हतोय तर ह्याची तक्रार काय, तर हिशोबात लक्ष लागत नाही, आणि दारातून खाली दिसणाऱ्या झाडीत मजूर मरून पडतायत. कॉनरॅड १८९० मध्ये स्वतः काँगोत बोटीवर होता, बेल्जियमचा राजा लिओपोल्डचा तिथला कारभार डोळ्यांनी पाहिलेला. आचेबेचा मुद्दा मात्र उरतोच, त्या मजुरांना पुस्तकात साधं नावसुद्धा नाही.