सोसायटी ग्रुप : जिमखान्याचे मैदान कोणाचे?

बी-४०२ : सर्वांना नमस्कार. आमच्या चिरंजीवांनी यंदा शाळेत क्रिकेट सोडून रग्बी घेतले आहे. काल त्याला घेऊन फॅशन स्ट्रीटला गेले असताना समोरच्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भर पावसात मुले चिखलात लोळत रग्बी खेळताना दिसली. भारतातील पहिला कसोटी सामना याच मैदानावर झाला असे ऐकले होते, त्यामुळे क्रिकेटचे मैदान असे तुडवू कसे देतात, हा प्रश्न पडला. प्रधान काका, आपली नोकरी त्याच भागात होती, म्हणून आपल्याला विचारते.

ए-७०१ (प्रधान) : ताई, मैदान दोन्ही खेळांचे आहे आणि त्याची वाटणी पावसाने करून दिली आहे. उन्हाळ्यात तेथील जमीन इतकी टणक होते की, रग्बीत पाडापाडी झाली की कोपर आणि गुडघे सोलवटून निघतील. पावसाळ्यात तीच जमीन मऊ होते आणि क्रिकेट तर तेव्हा बंदच असते. म्हणून मुंबईत रग्बी हा आषाढ-श्रावणातला खेळ झाला. जेवणाच्या सुट्टीत छत्री घेऊन मी कुंपणाशी कितीदा उभा राहिलो आहे. दहा मिनिटांत दोन्ही संघांचे सदरे एकाच रंगाचे होत, चेंडू ओल्या साबणासारखा हातातून निसटे आणि खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी चाले, तेव्हा त्या घोळक्यातून चक्क वाफ निघताना दिसे.

आता तुडवण्याविषयी. हा जिमखाना १८७५ चा. किल्ल्याबाहेरची ही जमीन तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली होती आणि १८६० च्या दशकात तटबंदी पाडल्यावरही तिचा बराच भाग मोकळा राहिला. जिमखाना केवळ युरोपियनांसाठी होता, बाहेरच्या मैदानावर मात्र पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळत. साहेबांनी त्याच मैदानावर पोलो सुरू केला आणि घोड्यांच्या टापांनी हिरवळ इतकी उखडली गेली की चेंडू कोठे उसळेल याचा नेम राहिला नाही. त्याविरुद्ध या क्रिकेटपटूंनी सरकारकडे वर्षानुवर्षे अर्ज केले. पुढे पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्राकाठी जागा मिळाल्या. आज मरीन लाइन्सला ओळीने दिसतात ते हेच. तेव्हा मैदान कोणी तुडवायचे, हा वाद तेथे फार जुना आहे.

सी-१०३ : काका, क्षमस्व, पण भारतीयांना दारात उभे न करणाऱ्या क्लबचे कौतुक आपण कशासाठी करायचे?

ए-७०१ (प्रधान) : क्लबचे कौतुक मी करत नाही, मैदानाचे करतो. १९०६ मध्ये याच मैदानावर हिंदू संघाने युरोपियनांना हरवले आणि त्या विजयात चर्मकार समाजातील पालवणकर बाळू यांच्या डावखुऱ्या फिरकीचा मोठा वाटा होता, हे विसरून चालणार नाही. भारतातील त्या पहिल्या, डिसेंबर १९३३ च्या कसोटीत आपले कर्णधार सी. के. नायडू होते. भारताचा पहिला डाव २१९ धावांत आटोपला, दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच ११८ धावा काढल्या आणि तरीही इंग्लंडने सामना नऊ गडी राखून जिंकला. तेथे पुन्हा कसोटी झाली नाही, कारण १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले.

बी-४०२ : काका, विषय रग्बीचा होता. आपण बघता बघता क्रिकेटवर पोहोचलात.

ए-७०१ (प्रधान) : मान्य, मुंबईकराची ती खोडच आहे. तर रग्बीचे असे की, खेळाला मैदान असले तरी माणसे टिकावी लागतात. कलकत्त्यात १८७३ मध्ये रग्बीचा क्लब निघाला. पण काही वर्षांतच तेथील ब्रिटिश पलटण बदलून गेली, उरलेले लोक टेनिस-पोलोकडे वळले आणि क्लब मोडला. शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी एक चषक घडवला, ज्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजतागायत त्याच कलकत्ता चषकासाठी झुंजतात. म्हणजे क्लब गेला, पण त्याची पुरचुंडी अजून खेळते आहे. मुंबईत मात्र खेळणारी माणसे बदलली, खेळ राहिला. साहेब गेले आणि त्यांच्या जागी इथलीच मुले उतरली. भारताने पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ मध्ये सिंगापूरविरुद्ध खेळला, त्या संघात आपल्या सर्वांना चित्रपटांमुळे माहीत असलेले राहुल बोस होते.

सी-१०३ : हे मला ठाऊक नव्हते. माझ्या मुलीलाही खेळता येईल का?

ए-७०१ (प्रधान) : जरूर येईल. महिलांचा पंधरा जणींचा राष्ट्रीय संघ २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सामने खेळतो आहे. दातांसाठी रबरी कवच मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावे आणि चेंडू हाताने पुढे फेकायचा नसतो, तो मागेच द्यायचा असतो, हे तिला आधी सांगून ठेवावे. नव्या मुलांचा निम्मा वेळ तेथेच जातो.

बी-४०२ : आमच्याकडेही नेमके तेच चालले आहे. आणि काका, बुटांच्या खिळ्यांमधला चिखल वाळला की कशानेच निघत नाही, त्यावर काही उपाय?

ए-७०१ (प्रधान) : ओला असतानाच जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावा, ताई. आणि कृपया जिन्यात नव्हे.