मदत हवी आहे: आईला घेऊन अंदमानची बोट
नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. कापूस विकला की जानेवारीत घरचे सहा जण अंदमानला निघतोय. टूरचे पैसे भरून झाले. पोर्ट ब्लेअरहून (आता श्रीविजयपुरम) हॅवलॉक बेट, तिथून नील बेट, मग परत, म्हणजे तीनदा बोट. आई 68 वर्षांची, गुडघे दुखतात, यवतमाळच्या एसटीतही तिला मळमळते. पण सेल्युलर जेल पाहायचंच, असं ती कधीची म्हणते. समुद्र तिनं अजून पाहिला नाही. तिला घरी ठेवून जाणं माझ्यानं होणार नाही. बोटीत कमी हलणारी जागा कोणती? चढता-उतरताना आधार मिळतो का? नील गाळून हॅवलॉकलाच राहावं का? टूरवाला म्हणतो, बदल केला तर पैसे परत नाहीत. उलटीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारतोच आहे. म्हाताऱ्या माणसांना नेलेल्यांनी कृपया सांगा.